हैतीचें ‘बुकमन एक्स्पेरियान्स’ : बंदींतून परतलेलें गाणें

इ. स. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाचे पदच्युत अध्यक्ष झां-बेर्त्रां आरिस्तीद तीन वर्षांच्या परदेशवासानंतर पोर्तोप्रेंस या राजधानींत परतले. त्यानंतर आणखी एक मंडळी मायदेशीं परतली; तिची वार्ता राजकारणाच्या धामधुमींत मागें पडली असल्यास नवल नाहीं. ही मंडळी म्हणजे ‘बुकमन एक्स्पेरियान्स’ नांवाचा वाद्यवृंद. तिच्याजवळ सैन्य नव्हतें, पक्ष नव्हता. ढोल, गिटार, बांबूचे कर्णे आणि समूहानें गाणारे गळे, एवढाच तिचा सरंजाम. असें असूनहि लष्करी सत्ताधाऱ्यांनीं तिच्या गाण्यावर बंदी घातली होती. नाचण्यासाठीं रचलेल्या गाण्याला बंदूकधाऱ्यांनीं भ्यावें असें त्यांत होतें तरी काय ?

याचें उत्तर शोधावयाचें तर दोनशें वर्षें मागें जावें लागतें. हैती म्हणजे हिस्पानिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारें एक तृतीयांश हिस्सा. अठराव्या शतकांत ही भूमि सें-दोमेंग या नांवानें फ्रेंचांच्या ताब्यांत होती, आणि तिच्या साखरेनें व कॉफीनें फ्रान्सचीं बंदरें श्रीमंत झालीं. हें पीक काढणारे हात आफ्रिकेंतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांचे होते. दाहोमी, कोंगो, योरुबा, इबो अशा नाना लोकांतून आलेलीं हीं माणसें. त्यांच्या देवता, त्यांचीं नृत्यें आणि त्यांचे ढोल एकत्र येऊन जो धर्म घडला तो वोडू. या धर्माविषयीं सिनेमांनीं आणि सवंग कादंबऱ्यांनीं भुताखेतांचा जो बाजार मांडला आहे, तो श्रोत्यांनीं क्षणभर बाजूस ठेवावा. पूर्वजांचें स्मरण, देवतांना आवाहन, आणि त्या आवाहनासाठीं ढोल व नृत्य, असें त्याचें खरें रूप आहे.

१७९१ च्या ऑगस्टांत ब्वा काइमां नांवाच्या अरण्यांत एका रात्रीं गुलाम जमले आणि बुकमन नांवाच्या पुढाऱ्यानें त्यांच्याकडून शपथ घेवविली, असें हैतीची परंपरा सांगते. थोड्याच दिवसांत उत्तरेकडील उंसाचे मळे पेटले. बुकमन त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मारला गेला आणि त्याचें शिर फ्रेंचांनीं शहरांत टांगून ठेवलें. पण पेटलेला वणवा विझला नाहीं. १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाली.

ज्या ढोलाच्या साक्षीनें स्वातंत्र्याची शपथ घेतली गेली, त्याच ढोलाची स्वतंत्र हैतींतील प्रतिष्ठितांना लाज वाटूं लागली, हा त्या देशाच्या इतिहासांतील मोठा विपर्यास होय. १९३५ च्या एका हुकुमानें ‘अंधश्रद्धेच्या चाली’ गुन्हा ठरल्या. १९४१-४२ सालीं कॅथलिक चर्चनें सरकारच्या साहाय्यानें जी मोहीम काढली तींत खेडोपाडींचे ढोल गोळा करून त्यांच्या होळ्या करण्यांत आल्या. पुढें दुव्हालिये पितापुत्रांच्या हुकूमशाहीनें याच धर्माला आपल्या दहशतीसाठीं राबविलें; आणि १९८६ च्या फेब्रुवारींत ती राजवट कोसळतांच संतप्त जमावांनीं अनेक वोडू पुजाऱ्यांचे प्राण घेतले. सत्ता कोणाचीहि येवो, घाव ढोलावरच पडत असे.

या काळांत शहरांतील संगीत निराळ्या वाटेनें चाललें होतें. १९५५ मध्यें नेमूर झां-बातिस्त यांनीं ‘कोंपा’ ही नृत्यचाल रूढ केली. जोडीनें नाचावयास सोयीची, डौलदार अशी ती चाल आहे आणि तिची लोकप्रियता आजवर टिकून आहे. तत्पूर्वी, १९४३ मध्यें स्थापन झालेल्या ‘जाझ दे ज्यून’ या वृंदानें वोडूच्या लयी सॅक्सोफोनच्या मेळांत बसवून पाहिल्या होत्या. १९८० च्या आगेंमागें ‘सांबा यो’ आणि ‘फूला’ या मंडळ्याहि त्याच शोधांत होत्या. तेव्हां ‘बुकमन’ मंडळीनें शून्यांतून सृष्टि निर्माण केली, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु जुन्या वृंदांत ढोल हा पाहुणा असे. पाश्चात्य वाद्यांनीं मांडलेल्या बैठकींत त्याला एक आसन मिळे. ‘बुकमन’च्या गाण्यांत घर ढोलाचें आहे, आणि विजेची गिटार त्याच्या घरीं पाहुणी म्हणून आली आहे. एवढ्या एका अदलाबदलींत सारें नावीन्य सांठविलें आहे.

मंडळीचे संस्थापक थिओडोर बोब्रें, ज्यांना सारा देश ‘लोलो’ म्हणतो, हे शहरी घरांत वाढले. त्यांचे वडील हैतीचे नामांकित विनोदी नट होते. ‘लांगीशात’ या त्यांच्या भूमिकेनें रेडिओच्या व दूरदर्शनच्या श्रोत्यांना पोट धरधरून हंसविलें. पुत्राच्या जीवनाला वळण लागलें तें शेजारच्या जमेका बेटांतील बॉब मार्ले यांच्या गाण्यानें. जमेकाचा गायक आपल्या लोकांच्या श्रद्धेचें गाणें जगाला ऐकवूं शकतो, तर हैतीनें आपला ढोल कां लपवावा ? त्यांच्या पत्नी मिमरोज या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. १९७८ च्या सुमारास या दांपत्यानें खेड्यांतील ‘लाकूं’चा अभ्यास आरंभिला. लाकू म्हणजे एका कुळाच्या घरांनीं वेढलेलें अंगण. तेथेंच देवघर, तेथेंच नृत्य, तेथेंच वृद्धांकडून मुलांकडे गाणीं जावयाचीं. गोनाईव्ह शहराच्या परिसरांतील सुव्हनांस, सूक्री व बाद्जो हे तीन लाकू विशेष मानले जातात. पहिला दाहोमीची, दुसरा कोंगोची आणि तिसरा नागो म्हणजे योरुबांची परंपरा सांभाळतो. मंडळीचें नांवहि या दुहेरी वळणाचें द्योतक आहे. ‘बुकमन’ हा १७९१ चा शपथकर्ता. आणि ‘एक्स्पेरियान्स’ हा शब्द अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या ‘एक्सपीरियन्स’ या वृंदाची आठवण करून देणारा.

आतां या संगीताची घडण थोडी तपशिलानें पाहणें इष्ट होईल. राडा या देवतासमूहाच्या उपासनेंत तीन ढोल लागतात. सर्वांत लहान तो ‘बुला’. तो एकाच ठेक्यावर अढळ राहतो. मधला ‘सेगों’ त्याच्याशीं संवाद करतो. सर्वांत मोठा तो ‘मामां’, म्हणजे आई. नर्तकांकडे पाहत बोलण्याचा अधिकार तिचा. यांच्या जोडीस ‘ओगान’ नांवाचा लोखंडाचा तुकडा काठीनें वाजवितात. त्याचा बारीक खणखणाट म्हणजे साऱ्या लयीचा कणा. ‘यानव्हालू’ या नृत्याची लय बारा लहान मात्रांच्या आवर्तनांत फिरते. दादऱ्याची संवय असलेल्या कानास ती प्रथम ओळखीची वाटेल. पण लगेच ध्यानांत येईल कीं, एक ढोल त्या बारा मात्रा तीनतीनांनीं मोजतो आहे तर दुसरा दोनदोनांनीं, आणि दोघेहि खरे आहेत. नर्तकाचें शरीर गुडघ्यांत वांकून पाठीच्या कण्यांतून लाटेसारखें हलूं लागतें. मग ‘मामां’ एकाएकीं लय मोडते. त्या मोडीला ‘कासे’ म्हणतात. पाऊल अडखळतें, भान सुटतें. आणि देवता अंगांत येण्याचा क्षण तो हाच, असें उपासक मानतात.

ही मोड ध्वनिवर्धकावर वाजणाऱ्या वृंदांत आणणें सोपें नव्हतें. नृत्यशाळेचें संगीत अखंड ठेक्यावर चालतें. ‘बुकमन’च्या वृंदांत गिटार आणि कळफलकाचीं वाद्यें यांना ढोलाच्या आज्ञेंत राहून थांबावयास, वळावयास शिकावें लागलें. याला जोड मिळाली ती ‘रारा’ या मिरवणुकीची. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत खेड्यांतील टोळ्या बांबूचे लांब कर्णे फुंकीत रस्त्यानें जातात. या कर्ण्याला ‘व्हाक्सिन’ म्हणतात, आणि प्रत्येक व्हाक्सिनमधून एकच स्वर निघतो. चौघेपांचजण आपापला एकएक स्वर नेमक्या जागीं टाकीत जातात व त्यांतून चाल उभी राहते. शिवाय तेच वादक हातांतील काडीनें बांबूवर ठेकाहि धरतात. एकट्या वादकाला या वाद्यावर चाल वाजवितांच येत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९९० च्या फेब्रुवारींत कार्निव्हलच्या उत्सवांत ही मंडळी आपलें ‘केम पा सोते’ हें गाणें घेऊन उतरली. देशावर तेव्हां जनरल प्रोस्पेर आव्हरील यांची लष्करी सत्ता होती. त्या क्रेओल शब्दांचा अर्थ, माझें काळीज उडत नाहीं. मराठींत आपण ‘काळीज धडधडणें’ म्हणतों, तेंच नाकारणारे हे शब्द आहेत. हां हां म्हणतां तें गाणें उत्सवांतून निघून निदर्शनांत शिरलें. मार्चमध्यें आव्हरील यांना सत्ता सोडावी लागली. गाण्यानें सरकार पाडलें असें समजणें भाबडेपणाचें होईल. सरकारें संप, मोर्चे आणि परराष्ट्रांचा दाब यांनीं पडतात. पण भीति ही ज्या राज्यांत कराप्रमाणें वसूल केली जाते, तेथें हजारों कंठांनीं ‘भीत नाहीं’ म्हणणें ही साधी गोष्ट नव्हे.

१९९१ मध्यें ‘वोडू आद्जे’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका परदेशांत प्रसिद्ध झाली व अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकासाठीं तिचें नांव सुचविलें गेलें. त्याच वर्षीं ३० सप्टेंबरला सैन्यानें आरिस्तीद यांना पदच्युत केलें. पुढील कार्निव्हलसाठीं मंडळीनें ‘काल्फू दांजेरे’ हें गाणें रचलें. काल्फू म्हणजे चव्हाटा. वोडूंत चव्हाट्याला विशेष अर्थ आहे. मनुष्यलोक आणि देवलोक यांच्या वाटा तेथें मिळतात व तेथील देवता खऱ्याखोट्याचा हिशोब मागते. मारेकऱ्यांना आणि लबाडांना हा चव्हाटा धोक्याचा आहे, असा गाण्याचा इशारा. कोणाचें नांव त्यांत नव्हतें. सत्ताधाऱ्यांनीं तें स्वतःस लावून घेतलें आणि १९९२ च्या कार्निव्हलांत त्यावर बंदी आली. ‘राम’ या दुसऱ्या मंडळीच्या एका गाण्याचीहि तीच गत झाली.

यानंतरचीं वर्षें कष्टाचीं गेलीं. राष्ट्रसंघाच्या नाकेबंदीनें सेनापति वांकले नाहींत, गरीब मात्र भरडले गेले. १९९४ मध्यें मंडळीचा बासवादक मिशेल-मेल्तों लिंच हा मेंदूच्या आवरणाच्या दाहानें मरण पावला. त्या दिवसांत देशांत औषधांचा दुष्काळ होता. त्याच वर्षीं मंडळी परदेशच्या दौऱ्यावर असतां परतीचा मार्ग बंद झाला व तिला जमेकांत दिवस काढावे लागले. ज्या बेटाच्या गाण्यानें लोलोंना प्रथम जागें केलें, तेथेंच हा आश्रय मिळावा !

ऑक्टोबरानंतर मंडळी परतली ती या हानीसह. १९९५ सालीं ‘लिबेते’, म्हणजे स्वातंत्र्य, ही मुद्रिका निघाली. नांवावरून वाटतो तसा तींत निव्वळ विजयाचा डंका नाहीं. स्वातंत्र्य कोणी परत आणून देत नसतें, तें आपण घ्यावें लागतें, असें तिचें उपशीर्षकच सांगतें. विदेशी सैन्याच्या छायेंत झालेल्या पुनरागमनाच्या ऐन उत्सवांत असें म्हणण्यास धीर लागतो. ‘बुकमन’च्या पुनरागमनाचें खरें मोल येथें आहे. जुन्या यशाची उजळणी करून टाळ्या मिळविणें त्यांना सहज शक्य होतें.

या चळवळीवर आक्षेपहि आले, आणि ते टाकाऊ नाहींत. देवघरांतील गाणें लॉरीवर चढवून ध्वनिवर्धकांतून गर्जावें काय ? लाकूंतील गाण्याचा कर्ता कोणी एक नसतो. मग मुद्रिकेवर नांव कोणाचें, आणि पैसा कोणाचा? मिमरोज यांनीं आपल्या दीक्षेचा वृत्तांत ‘नां दोमी’ या पुस्तकांत २०१० मध्यें लिहिला. ज्यांच्याकडून आपण शिकलों त्यांच्या पायाशीं बसण्याची वृत्ति त्यांत आहे. पण पैशाचा प्रश्न त्यानें मिटत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

वारसा म्हणावा तर तो अनेक शाखांनीं फुटला. ‘बुकमन’चे गायक एदी फ्रांस्वा यांनीं वेगळे होऊन ‘बुकां गिनें’ ही मंडळी काढली. तिची पहिली मुद्रिका १९९५ ची. गोनाईव्हच्या ‘शूक ब्वा’ या मंडळीनें विजेचीं वाद्यें पार दूर सारलीं व केवळ ढोल, घंटा आणि कंठ यांवर जगांतील रंगमंच गाजविले. कायदाहि बदलला : १९८७ च्या राज्यघटनेनें १९३५ चा तो हुकूम रद्द केला होता, आणि २००३ मध्यें वोडूला सरकारमान्य धर्माचें स्थान मिळालें.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानें पोर्तोप्रेंस उद्ध्वस्त झालें. त्या वर्षीं कार्निव्हल भरला नाहीं. त्याच वर्षीं त्या शहरांत ‘लाकू मिझीक’ ही नवी मंडळी उभी राहिली. तींत व्हाक्सिन फुंकणारे तरुण आहेत, गिटार छेडणारे आहेत. आणि त्यांच्यामध्यें ढोल घेऊन बसलेले सांबा झाव आहेत, ज्यांनीं पूर्वी ‘सांबा यो’ मंडळींत हाच ढोल वाजविला होता.