हुगळीकाठची विश्वासू सेवा



बजबजच्या काठाने वाहणारी हुगळी मराठी भाषेलाही अपरिचित नाही. याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलकात्याच्या उत्तरेस, पश्चिम तीरावर श्रीरामपूर वसले आहे. तेथील मिशनच्या छापखान्यातून १८१० साली मोडी लिपीतील मराठी शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते विल्यम कॅरी हे मूळचे इंग्लंडमधील जोडे शिवणारे कारागीर. फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते मराठीचे अध्यापन करीत, आणि या कार्यात पंडित वैजनाथ यांचे त्यांना मोलाचे साहाय्य होते. म्हणजे गुरुपदावर बसलेला मनुष्य रोज शिष्यही होत असे.

ख्रिस्ती जीवनात सेवा म्हणजे उपासनेच्या दिवसापुरता आचार नव्हे. थोडक्याविषयी जो विश्वासू, त्याच्याच हाती पुष्कळ सोपवावे, ही येशूची शिकवण. श्रीरामपूरच्या मंडळीत कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांची मिळकत एका सामाईक निधीत जमा होई. महाविद्यालयातून कॅरींना प्रारंभी दरमहा ५०० रुपये मिळत. तेही या निधीतच जात. घरव्यवस्थेचा भार सुरुवातीच्या काळात महिन्या-महिन्याच्या पाळीने एकेकाकडे येई. अधिकार हाती येणे म्हणजे सर्वांच्या भोजनाची काळजी वाहणे, असा तेथील नेतृत्वाचा अर्थ होता.

या निष्ठेची खरी कसोटी ११ मार्च १८१२ रोजी लागली. छापखान्यास आग लागून कागद, खिळे आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाची हस्तलिखिते भस्मसात झाली. कॅरींचे वय तेव्हा पन्नाशीचे होते. राखेतून अक्षरांचे पोलादी ठसे आणि वितळलेला धातू हाती लागला. त्यातूनच नवे खिळे ओतण्यास प्रारंभ झाला. गेलेली पाने पुन्हा लिहावयाची होती, आणि ती लिहिण्यास कॅरी पुन्हा बसले. त्यात चमत्कार कोणताही नव्हता; होती केवळ काल सोडलेले काम आज पुढे नेण्याची सवय.

पुढे डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीच्या कायद्याचा मजकूर बंगालीत अनुवादासाठी त्यांच्याकडे आला, तो रविवारी. विलंब झाल्यास एखाद्या स्त्रीचा प्राण जाईल, हे जाणून त्यांनी त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्यावर सोपविले आणि अनुवाद पूर्ण केला. कोणती सेवा प्रथम करावी, हा विवेकही विश्वासूपणाचाच भाग आहे.

हीरक महोत्सवी शाळेस हे उदाहरण दूरचे नाही. साठ वर्षे उत्सवांनी टिकत नाहीत. वेळेवर वाजलेल्या घंटेने, मन लावून तपासलेल्या वहीने आणि मागे राहिलेल्या मुलासाठी पुन्हा एकदा समजावलेल्या धड्याने टिकतात. पालकाने घरी, अधिकाऱ्याने कचेरीत आणि कारागिराने गिरणीत हेच व्रत पाळावे. नेतृत्वाचे पद काहींनाच लाभते; विश्वासू राहण्याची संधी मात्र प्रत्येकास प्रत्येक सकाळी लाभते.