आमचे आडनाव पारसनीस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून चार शब्द बोलते.

लग्न झाले आणि माझे आडनाव पारसनीस झाले. त्याचा अर्थ सासूबाईंना विचारला, तर त्या म्हणत, "अगं, आपल्या पूर्वजांपाशी परीस होता!" घरात घासलेल्या पितळेखेरीज काही चमकत नव्हते, तरी गोष्ट मला आवडे. पुढे माझ्या मुलीनेही तेच विचारले, तेव्हा वाटले, हिला खरे काय ते सांगावे. मग वाचनालयातून कोश आणि इतिहासाची पुस्तके आणून दुपारी वाचू लागले.

फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी तोंडात त्याचे 'नीस' झाले. पत्रे लिहिणारा तो चिटणीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, गडावरचे धान्य व सामान सांभाळणारा कारखानीस. दिल्लीच्या बादशहाशी आणि निजामाशी पत्रे फारसीत चालत. ती वाचणारा व लिहिणारा तो पारसनीस. म्हणजे आमच्या घरी परीस नव्हता, दौत आणि लेखणी होती.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा हुद्द्यांना संस्कृत नावे दिली गेली. वाकनीस मंत्री झाले, सुरनीस सचिव झाले, डबीर सुमंत झाले. पण लोकांच्या तोंडचे जुने शब्द गेले नाहीत. चिटणीस तर आपल्या मंडळातही आहेत!

हुद्दा पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहिला की तेच आडनाव होई आणि मूळचे मागे पडे. नाना फडणिसांचे मूळ आडनाव भानू, हे आज किती जणांना ठाऊक आहे? म्हणून एका आडनावाची सारी घरे एका कुळातलीच असतील, असे धरून चालू नये. सोयरीक पाहताना गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव विचारावे.

आमचे मूळ आडनाव मिळते का, म्हणून मामंजींच्या ट्रंकेतली वंशावळ काढली. ते सापडले नाही. सात पिढ्यांच्या पुरुषांची नावे मात्र ओळीने होती. बाई एकही नव्हती. माझ्या सासूबाई नव्हत्या, त्यांच्या सासूबाई नव्हत्या. ज्यांनी या सात पिढ्या वाढवल्या, त्यांचा कोठे पत्ता नाही. सासूबाईंना विचारून मी नावे लिहू लागले. दोन पिढ्या मागे गेले आणि एक नाव अडले. त्यांना सारे 'थोरल्या काकू' म्हणत. त्यांचे माहेर कोणते, पाळण्यातले नाव काय, हे सांगणारे आता कोणी उरले नाही.

भगिनींनो, पुरुषांची आडनावे हुद्द्याने बदलली, आपली लग्नाने बदलतात. हुद्द्यांची नोंद दप्तरात राहिली. आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे. घरी गेल्यावर एक वही करा. तीत आपले, आईचे, सासूचे, आजीचे पाळण्यातले नाव, माहेरचे आडनाव आणि गाव लिहा. वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर विचारून घ्या. अक्षर कसेही असो. 'नीस' म्हणजे लिहिणारा, त्याला पुरुषच हवा असे थोडेच आहे?