दावा आटोपशीर, पुरावा भक्कम

(बेलपाडा, पनवेल येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मित्रांनो आणि भगिनींनो, तुमच्यापैकी बरेच जण यंदा प्रकल्प-अहवाल किंवा शोधनिबंध लिहिणार आहेत. अनेकांचे विषयही ठरले आहेत : मुस्लिम समाजाचे शिक्षण, मुलींची गळती, रोजगार. विषय घरचा, म्हणून लिहिणे सोपे वाटते. पण अडचण तिथेच आहे. जे रोज डोळ्यांसमोर दिसते, त्यालाही पुरावा द्यावा लागतो, हे आपण विसरतो.

समजा, तुमचे पहिले वाक्य असे आहे : ‘महाराष्ट्रातील मुस्लिम साक्षरतेत मागे आहेत.’ आपल्या गप्पांत यावर कोणी हरकत घेणार नाही. आता २००१ ची जनगणना उघडा. देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुस्लिमांची ५९.१ टक्के. देशापुरते वाक्य बरोबर. मग महाराष्ट्राचे आकडे पाहा. राज्याची साक्षरता ७६.९ टक्के आणि राज्यातील मुस्लिमांची ७८.१ टक्के! म्हणजे पहिल्याच वाक्यावर परीक्षक लाल रेघ मारणार, आणि पुढची पाने संशयाने वाचणार.

मग आपले मागासलेपण खोटे आहे का? नाही. आपले वाक्य ढोबळ होते. ते नेमके करायचे तर दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : तुलना कोणाशी? राज्यातील सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात, आणि शहरांत साक्षरता सगळ्यांचीच जास्त असते. बहुतांशी शहरी असलेल्या समाजाची तुलना खेड्यापाड्यांसह साऱ्या राज्याच्या सरासरीशी केली, तर खरे चित्र झाकले जाते. शहराची तुलना शहराशी करा, मुलींची मुलींशी करा.

दुसरा प्रश्न : आपण मोजतो काय? साक्षरता म्हणजे लिहिता-वाचता येणे. शिक्षण पूर्ण होणे ही वेगळी गोष्ट. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात ही पुढची पायरी सापडते. २० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत पदवी किंवा पदविका मिळवलेले देशात सुमारे ७ टक्के होते. मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी.

आता वाक्य असे होईल : ‘साक्षरतेच्या सरासरीवरून महाराष्ट्रातील मुस्लिमांची शैक्षणिक स्थिती कळत नाही, ती उच्च शिक्षणापर्यंत तपासावी लागते.’ दावा लहान झाला, पण आता तो सहज खोडता येणार नाही. आणि लक्षात ठेवा, ७ आणि ४ हे देशाचे आकडे आहेत. महाराष्ट्राबद्दल लिहायचे तर महाराष्ट्राचे आकडे शोधावे लागतील. तिथे २००८ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीचा अहवाल पाहा.

एका मुद्द्याचा पुरावा दुसऱ्या मुद्द्याला आपोआप लागू होत नाही. जुलै २०१४ मध्ये राज्याने अध्यादेश काढून मुस्लिमांतील काही घटकांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील तरतुदीला स्थगिती दिली, शिक्षणातील तरतुदीला दिली नाही. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही, हे आपण जाणतोच. विद्यार्थी म्हणून यातून एवढे घ्या : समाज एकच, अध्यादेश एकच, तरी शिक्षण आणि नोकरी हे दोन दावे वेगळे तपासले गेले. तुमच्या निबंधातही प्रत्येक दाव्याला त्याचा स्वतःचा पुरावा हवा.

विरोधी मत टाळू नका. कोणी म्हणते, ‘मुस्लिम पालक मुलांना मदरशातच घालतात.’ यावर चिडून दोन पाने लिहिली तरी उपयोग नाही. सच्चर अहवालानुसार शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशात जात होती. एवढे एक वाक्य पुरते. मात्र ‘होती’ असेच लिहा. तो त्या काळचा, देशपातळीवरचा आकडा आहे. आजच्या तळोज्याचा म्हणून तो खपवू नका.

आकडा कुठून आला, हेही सांगा. हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराआधी सनद विचारली : कोणी, कोणाकडून ऐकले? ज्या समाजाने ही शिस्त घडवली, त्याच्या मुलांनी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन आलेला आकडा निबंधात घालावा, हे शोभत नाही. अहवालाचे नाव, वर्ष, तक्ता, पान लिहा. मूळ पान स्वतः पाहिले नसेल, तर ज्या लेखातून आकडा घेतला त्या लेखाचे नाव द्या.

ज्याचा अहवाल नाही, त्याचा पुरावा स्वतः गोळा करता येतो. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. बेलपाडा हे तिचेच स्थानक. ‘मेट्रोमुळे मुलींचे कॉलेज सुटायचे थांबले’ असे कोणाला लिहावेसे वाटेल. आधी ३० मुलींना विचारा : पूर्वी कशा जायच्या, किती वेळ लागायचा, भाडे किती, घरून परवानगी कशावर अडायची? मेट्रोशिवाय दुसरे काय बदलले, हेही विचारा. मग लिहा, ‘आम्ही बोललो त्या ३० मुलींपैकी इतक्यांनी असे सांगितले.’ ‘मुस्लिम मुली असे म्हणतात’ असे लिहू नका. ३० जणींवरून लाखोंबद्दल बोलण्याचा हक्क मिळत नाही.

आपल्याबद्दल इतरांनी ढोबळ वाक्ये लिहिली की आपल्याला लागते. मग आपणही स्वतःबद्दल ढोबळ लिहू नये. एक चुकीचा आकडा सापडला, की त्याच्यासोबत आपली खरी तक्रारही केराच्या टोपलीत जाते, आणि त्याची किंमत ज्या मुलीचे शिक्षण खरोखर सुटले आहे ती मोजते.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. निबंधाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहा. त्याखाली पुरावा लिहा. त्याखाली, तो दावा न पटणारा माणूस काय म्हणेल ते लिहा. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर लिहायला बसू नका. आधी ग्रंथालयात जा.