दहावीनंतर बघू

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त द्वारका येथे भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने दातांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी दंतवैद्य नाही. मराठीची शिक्षिका आहे. परंतु पालकसभा संपल्यावर मला गुणपत्रिकेखालोखाल कशाविषयी विचारले जात असेल, तर ते मुलांच्या वेड्यावाकड्या दातांविषयी. तारा केव्हा लावाव्यात? तारांऐवजी पारदर्शक साच्यांनी भागेल का? चांगले दात डॉक्टर काढायला का सांगतात? आणि सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न, किंबहुना प्रश्नाच्या रूपातला निर्णय : ‘बाई, दहावीनंतर बघू, चालेल ना?’ आज मी मुख्यतः या शेवटच्या प्रश्नापाशीच थांबणार आहे.

एक योगायोग सांगते. दंतरचना सुधारण्याच्या शास्त्रात, म्हणजे ऑर्थोडोंटिक्समध्ये, काम करणाऱ्या भारतीय तज्ज्ञांची ‘इंडियन ऑर्थोडोंटिक सोसायटी’ १९६५ साली मुंबईत स्थापन झाली. तिनेही आता साठी गाठली आहे. त्या काळी प्रत्येक दाताभोवती पोलादी पट्टी बसवावी लागे. मूल हसले की तोंडात दातांपेक्षा धातूच अधिक दिसे. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले होते, की दाताच्या वरच्या कवचावर सौम्य आम्ल लावले तर तेथे चिकटद्रव्य घट्ट धरते. या शोधाच्या आधारे पुढे पट्ट्या गेल्या आणि दातावर थेट चिकटणारे लहान ब्रॅकेट आले. त्यानंतर निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार आली. ती वाकवली तरी आपला मूळ आकार विसरत नाही आणि दीर्घकाळ मंद दाब देत राहते. हिरडीतून हाडात बसवायचे, सहा ते दहा मिलिमीटर लांबीचे स्क्रू आले. त्यांचा टेकू घेऊन दात ओढता येत असल्याने पूर्वी दात काढावे लागत अशा काही रुग्णांत ते आता वाचतात. काहींतच, जागाच अपुरी असेल तर दात काढणे आजही योग्य ठरू शकते, आणि तसे सांगणारा डॉक्टर पैशासाठी सांगतो असे समजू नये.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतील बदल मात्र संगणकाचा आहे. ओकारी आणणारी ती साच्याची पेस्ट अनेक ठिकाणी हद्दपार झाली. छोटा कॅमेरा तोंडातून फिरवला की पडद्यावर दंतपंक्तीचे त्रिमितीय चित्र उभे राहते. क्ष-किरण चित्रावर पेन्सिलीने बिंदू मांडून जबड्याचे कोन मोजण्याचे काम आता संगणकप्रणाली काही क्षणांत करते. १९९७ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कंपनीने ‘इनव्हिजलाइन’ या नावाने पारदर्शक साच्यांची मालिका रूढ केली, ती आता आपल्या द्वारकेतील दवाखान्यांतूनही मिळते. हे साचे दिवसाचे वीस ते बावीस तास घालावे लागतात. चौदा वर्षांचा मुलगा स्वेच्छेने बावीस तास काय करतो, हे येथे बसलेल्या मातांना मी सांगायला नको.

इतके सारे बदलले. हाड मात्र बदललेले नाही. दातावर दाब पडला की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते, तेव्हा कोठे दात सरकतो. तोही महिन्याला साधारण एक मिलिमीटर. कंपन देऊन ही गती वाढवण्याचा दावा करणारी उपकरणे बाजारात आली, परंतु त्यांच्या उपयोगाचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. म्हणून दीड-दोन वर्षांचा उपचार चार महिन्यांत, अशी जाहिरात दिसली की पान उलटावे.

आता दहावीचा प्रश्न. दातांची दाटी कोणत्याही वयात सुधारता येते. येथे चाळिशीचे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांनीही निश्चिंत असावे. परंतु दोष दातांचा नसून जबड्याचा असेल, उदाहरणार्थ खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीचे वय हेच औषध असते. स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये प्रथम वापरलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे उपकरण किंवा त्याच्या जातीची इतर साधने वाढीच्या जोरावर काम करतात. मुलींची ही वाढ साधारण दहा ते बारा आणि मुलांची बारा ते चौदा या वर्षांत जोरात असते. दहावीची परीक्षा येते पंधरा-सोळाव्या वर्षी. तोवर विशेषतः मुलींच्या बाबतीत ही संधी बहुधा निघून गेलेली असते. मग उरतात दोनच मार्ग : दात सरकवून दोष झाकणे किंवा गंभीर दोष असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया. अभ्यासासाठी म्हणून पुढे ढकललेला उपचार असा महाग पडतो.

याचा अर्थ घाईने पहिलीतच तारा लावाव्यात, असाही नव्हे. पुढे आलेल्या दातांसाठी आठव्या-नवव्या वर्षी उपचार सुरू केला तर अंतिम परिणाम किशोरवयातील उपचारापेक्षा सरस होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. खेळताना पटाशीचे दात मोडण्याचा धोका तेवढा कमी होतो. अमेरिकेतील ऑर्थोडोंटिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करावी, असे सांगते. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. ‘अजून काही करू नका, वर्षाने या’ हेही तपासणीचे उत्तम फलित आहे.

शाळेत आम्हांला काही गोष्टी पालकांच्या आधी दिसतात. सतत उघड्या तोंडाने श्वास घेणारे मूल दिसते. सहावी-सातवीपर्यंत अंगठा चोखणारे मूलही दिसते, लपून. आणि मराठीच्या शिक्षिकेला आणखी एक गोष्ट ऐकू येते. आपल्या भाषेत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत. ‘चहा’तला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतला भेद केवळ जिभेच्या जागेवर आहे. दुसऱ्या उच्चारात जीभ दातांच्या मागच्या बाजूस टेकते. दिल्लीत वाढणारी आपली मुले ‘चाक’ला ‘चहा’चा च लावतात, तो हिंदीचा शेजार आहे, त्यासाठी दंतवैद्याकडे जाऊ नये, माझ्याकडे यावे. परंतु एखाद्या मुलाचा ‘स’सुद्धा फिसकटत असेल, बोलताना जीभ दातांच्या फटीतून बाहेर डोकावत असेल, तर वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना मिळत नसण्याची शक्यता असते. ही माझी वर्गातली ढोबळ खूण आहे, निदान नव्हे. साचे नव्याने लावल्यावर काही दिवस ‘स’ असाच घसरतो, तेव्हा प्रकटवाचनात अशा मुलाला वर्ग हसू नये, हे पाहणे आमचे काम.

घरबसल्या साचे मागवण्याविषयी थोडे स्पष्ट बोलते. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेल्या ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ने डॉक्टरांच्या प्रत्यक्ष भेटीवाचून टपालाने साचे पाठवले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, डिसेंबरमध्ये कारभार गुंडाळला आणि असंख्य रुग्ण अर्ध्या उपचारावर उरले. तशा जाहिराती आता आपल्या मोबाइलवरही येतात. साचा घरपोच येऊ शकतो. हिरडीचा आजार, दाताच्या मुळाची लांबी आणि आत अडकलेला सुळा पाहणारा डोळा घरपोच येत नाही. आपल्याकडे पाच वर्षांच्या बीडीएसनंतर तीन वर्षे याच विषयात एमडीएस केलेल्या व्यक्तीला ऑर्थोडोंटिस्ट म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवरील अक्षरे वाचावीत, विचारण्यात संकोच कसला?

खर्चाची अडचण मी जाणते. बहादूरशाह जफर मार्गावरील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि ‘एम्स’चे दंतकेंद्र येथे कमी खर्चात उपचार होतात, रांग लांब असते, म्हणूनच नाव लवकर नोंदवावे. द्वारकेहून ब्लू लाइनने मंडी हाउस, तेथे गाडी बदलून दिल्ली गेट, एवढाच मौलाना आझादचा प्रवास.

द्वारकेतील जुन्या रहिवाशांसाठी एक खास सूचना. सुरुवातीची कित्येक वर्षे आपण कूपनलिकांचे आणि टँकरचे पाणी प्यालो. दक्षिण-पश्चिम दिल्लीच्या भूजलात अनेक ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आढळते. दात घडत असताना असे पाणी पोटात गेले, तर त्यांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात आणि अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही. बालपण बोअरच्या पाण्यावर गेले असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. चिकटवण्याची पद्धत त्यांना बदलता येते.

‘हसतील त्याचे दात दिसतील’ असे आपण सहज म्हणतो. काही मुली मात्र तोंडावर हात ठेवून हसतात. तारांची चिंता मुलीच्या लग्नाच्या वेळी आणि मुलाच्या मात्र चावण्याच्या तक्रारीवरून, हा भेद मला खटकतो. दोघांच्याही जबड्याचे काम एकच आहे. आणि प्रत्येक वाकडा दात सरळ झालाच पाहिजे असेही नाही; चावताना, बोलताना, घासताना अडचण नसेल आणि मूल स्वतः सुखी असेल, तर तो तसाच राहू द्यावा.

या वर्षापासून शाळेच्या आरोग्य तपासणीत दुसरी आणि पाचवीच्या मुलांच्या दातांची स्वतंत्र नोंद होईल. ती चिठ्ठी दप्तरातून घरी येईल, तेव्हा वाचून सही करून पाठवावी. ज्यांच्या मुलांना तारा किंवा साचे आहेत, त्यांनी वर्गशिक्षकांना कळवावे. तार टोचल्यास लावायचे मेण आम्ही कार्यालयात ठेवले आहे. आणि उपचार संपल्यावरचा रिटेनर मुले डब्याच्या सुट्टीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवतात, तो खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो. त्याची डबी दप्तरात रोज आहे ना, हे सकाळी पाहावे.