घाटावरचा ध्वनिवर्धक

काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथील एखाद्या मंडळाने घाटावर गायन योजिले, तर श्रोतेहो, पहिली चिंता रागाची नसते. ध्वनिवर्धक खाली कोण नेणार, याची असते. गल्लीत मोटार शिरत नाही, आणि पुढे पायऱ्याच पायऱ्या! म्हणून वॉटांचा आकडा विचारण्यापूर्वी पेटी एका हाताने उचलून पाहावी.

हल्ली सडपातळ, उभा स्तंभ लोकप्रिय आहे. सपाट सभागृहात तो उत्तमच. परंतु त्याचा ध्वनी आडवा रुंद पसरतो, उभ्या दिशेने अरुंद राहतो. आणि घाटावर गवई खाली, श्रोते चढत्या पायऱ्यांवर. वरच्यांना स्वर अर्धामुर्धाच पोचतो. येथे तिपाईवर किंचित वर कलवलेली लहान पेटी सरस ठरते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट होताच ध्वनी सुमारे ६ डेसिबलांनी घटतो आणि तो भरून काढण्यास चौपट शक्ती लागते; त्यापेक्षा दुसरी लहान पेटी मध्यावर ठेवावी. ओल्या दगडांवर तारा पसरण्याहून बॅटरी बरी, हे सांगावयास नकोच.

शहनाईला ध्वनिवर्धकाची गरज थोडी, कसोटी तंबोऱ्याची. खरेदीला जाताना तो सोबत न्यावा (दुकानदार हसेल, हसू द्यावे) आणि जवारीचा गुंजारव पेटीतून तसाच उमटतो का, ते ऐकावे.

२००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक सामान्यतः वर्ज्य आहे. तेव्हा पहाटेच्या ललतासाठी पेटी घरीच राहते, आणि श्रोत्यांना चार पायऱ्या खाली उतरून बसावे लागते.