हृदयोपचारातील मृदुता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तथापि उतारवयात अनेकांना गाठणाऱ्या एका हृदयविकाराविषयी वाचून व विचारून जे उमगले, ते विश्वस्तांच्या आज्ञेनुसार निवेदन करतो.

या विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. नाडी अनियमित होते, धाप लागते. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. खरे भय निराळेच आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते आणि ती गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासात हा धोका सुमारे पाचपट आढळला होता.

१९८७ साली डॉ. जेम्स कॉक्स यांनी यावर शस्त्रक्रिया केली, ती छाती उघडून व हृदय थांबवून. पुढे १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल एसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते. मग छाती उघडण्याचे कारण उरले नाही. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची आणि त्या मुखांभोवती उष्णतेने डाग देऊन विजेची वाट बंद करायची, हेच ॲब्लेशन.

परंतु इस्त्री अधिक तापली की वरच्या कापडाबरोबर खालचा पदरही होरपळतो, हे आम्हा कापडवाल्यांना सांगावे लागत नाही. हृदयाच्या त्या पातळ भिंतीला लागूनच अन्ननलिका असते. तिला इजा होऊन छिद्र पडणे अत्यंत विरळा, पण प्राणघातक. उष्णतेऐवजी शीत फुग्याचा उपाय आला, त्यात श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजेचा संभव राहिला. आता विजेच्या अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांनी पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडणारी पद्धत आली आहे. हृदयाच्या स्नायुपेशी या स्पंदांना लवकर बळी पडतात, अन्ननलिका व मज्जातंतू बव्हंशी वाचतात. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. तीही सर्वस्वी निर्दोष नाही. तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, क्वचित हृदयाची धमनी आकसते.

मृदुता केवळ यंत्रात नसते. सोनोग्राफीत पाहून शीर टोचली तर रक्तस्राव कमी होतो. जांघेत एक टाका घातला तर तासन्‌तास उताणे पडून पाठ धरत नाही. लघवीची नळी अनेकांना लागतच नाही. संगणकावरील त्रिमितीय नकाशामुळे क्ष-किरणही कमी लागतात. रुग्णाने हे सारे आधी विचारावे. साडी घेताना दहा पदर उलगडायला लावणारे आपण, डॉक्टरांपुढे का मूक होतो कोण जाणे!

आता थोडे नाजूक विषयाकडे. या प्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याचा प्रभाव उतरवण्यासाठी कधी प्रोटामाईन देतात, त्याचे मूळ माशात आहे. काही जण म्हणतील, हे सभेत कशाला सांगता? माझ्या मते ते लपवू नये. हेपॅरिनविना डाव्या कप्प्यात नळी फिरवणे म्हणजे पक्षाघाताला निमंत्रण, हेही तितकेच खरे. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे, गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे आणि शांत चित्ताने निर्णय करावा. ऐन टेबलावर ही चर्चा होत नसते.

दुसरी गोष्ट तपाची. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने रक्त पातळ करणारी गोळी खंड न पाडता घ्यावी लागते. पक्षाघाताचा धोका अधिक असणाऱ्यांना ती पुढेही चालू ठेवावी लागते, मग नाडी सुरळीत का असेना. नव्या गोळ्यांचा प्रभाव साधारण दिवसभरात ओसरतो. रिव्हरोक्साबॅन तर उपचाराच्या मात्रेत अन्नासोबतच घ्यायची असते. अठ्ठाईत गोळीही सोडणे म्हणजे आठ दिवस उघड्यावर राहणे. आपल्या पच्चक्खाणात आगारांची तरतूद पूर्वाचार्यांनी उगाच ठेवलेली नाही. ज्यांना ही प्रक्रिया करावयाची आहे, त्यांनी पर्युषणापूर्वी पुरेसे दोन-तीन महिने हाती राहतील अशीच तारीख घ्यावी; आणि त्या वर्षी कोणते तप करावे, हे डॉक्टर व गुरुभगवंत या दोघांना विचारून ठरवावे.