अंकांची भिशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय तुम्हीच निवडा, असे सचिवबाईंनी मला कळवले. मी म्हटले, मासिकांवर बोलते. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मासिके आता वाचते कोण?" त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हे. शाळेच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न मी फार वर्षे ऐकत आले आहे. म्हणून मागच्या महिन्यात आपल्यातल्याच बाराजणींना मी सहज विचारले, की वर्षभरात कोणकोणते नियतकालिक हाती घेतलेत? बहुतेकींची उत्तरे सारखीच आली. रविवारची पुरवणी, दिवाळीत एखाददुसरा अंक, आणि बाकी मग मोबाईलवर येईल ते. मोबाईलला मी नावे ठेवीत नाही. माझ्याही पिशवीत तो आहे. पण त्याची एक खोड तुमच्या ध्यानात आली असेल. एकदा कैरीच्या लोणच्याची कृती पाहिली, की तो महिनाभर लोणचीच पुढे करतो. आपल्याला जे आवडते तेच तो पुन्हा पुन्हा वाढतो. जे आपल्याला ठाऊकच नाही, ते मागायचे कसे?

तर आज मला सांगायचे आहे ते लहान मासिकांविषयी. लहान म्हणजे पाने थोडी एवढ्याच अर्थाने नव्हे. ज्यामागे मोठी कंपनी नाही, जाहिरातीचे बळ नाही, एक माणूस किंवा चारदोन माणसे एखाद्या विषयाच्या ओढीने जे चालवतात, ते मी लहान मासिक म्हणते. ओळखायचे कसे? अंकाच्या आत, अगदी बारीक टाइपात, एक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि अंक कुठे छापला, हे त्या ओळीत असते. आपण ती कधी वाचत नाही. एकदा वाचून पाहा. चारही ठिकाणी एकच नाव आणि पत्ता एखाद्या राहत्या घराचा असला, की समजावे, ह्या घरात अंकाचे गठ्ठे कॉटखाली ठेवलेले असणार आणि पत्ते लिहायला मुलेबाळे बसत असणार.

असे एकट्याने मासिक चालवणाऱ्यांत मला सर्वांत आधी आठवतात ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते चालवले. त्याचे मुखपृष्ठ असे, की पुष्कळ घरांत तो अंक उघड्यावर ठेवण्याची सोय नव्हती. सरकारने त्यांच्यावर तीनदा खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, आणि मासिक तरीही निघत राहिले. बाळंतपणावर बाळंतपण सोसणाऱ्या बायकांसाठी ह्या गृहस्थाने पदराला खार लावून लिहावे, आणि त्या बायकांपैकी बहुतेकींना ते वाचता येऊ नये, हा त्या काळचा दैवदुर्विलास. आज आपल्याला वाचता येते.

आता आपल्या शेजारची गोष्ट. जाफराबादेहून पुढे गेले की बुलढाणा जिल्हा लागतो. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटे पुस्तक लिहिले. ते पुण्यात छापले गेले. स्त्रियांनाच सर्व दोष लावणाऱ्या लिखाणाचा संताप येऊन एका बाईने सडेतोड उत्तर दिले होते. लोकांना ते रुचले नाही, टीका झाली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. कुठे घेतली? 'सत्सार' नावाच्या स्वतःच्या एका छोट्या नियतकालिकात, त्याच्या दुसऱ्या अंकात, १८८५ साली. ह्या 'सत्सार'चे अंक निघाले किती, तर दोन. दोनच! वर्गणीदारांच्या हिशेबाने पाहिले तर हा अयशस्वी धंदाच म्हणायचा. पण एका बाईच्या बाजूने छापील शब्दात कोणी उभे राहिले होते, हे आपल्याला त्या दोन अंकांमुळे कळते. पुढे ताराबाईंचे पुस्तकही विस्मरणात गेले. डॉ. स. गं. मालशे ह्यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते आपल्या पिढीच्या हाती आले. मध्ये नव्वदाहून जास्त वर्षे गेली. कोणी शोधलेच नसते, तर बुलढाण्यातल्या बायकांनाही आपल्या गावात असे काही लिहिले गेले, ह्याचा पत्ता नसता.

आणि पत्रे बायकांसाठी बायकांनीही चालवली, हेही सांगून टाकते. तानूबाई बिर्जे ह्यांनी पतीच्या निधनानंतर १९०८ साली 'दीनबंधू'चे संपादन आपल्याकडे घेतले. अलीकडच्या काळात विद्या बाळ ह्यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. ते तुमच्यापैकी काहीजणींच्या घरी येत असे, हे मला माहीत आहे.

मराठवाड्यात तर नुसते छापणे हेच एकेकाळी धाडस होते. माझ्या वडिलांच्या पिढीला जालन्यात वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. मराठी अंक घरी येणे म्हणजे पाहुणा येण्यासारखे. आ. कृ. वाघमारे ह्यांनी १९३८ साली 'मराठवाडा' पत्र काढले. निजाम सरकारने बंदी घालावी, वाघमाऱ्यांनी संस्थानाबाहेर छापून दुसऱ्याच नावाने अंक काढावा, त्यावर पुन्हा बंदी यावी, की पुन्हा तिसरे नाव! वाचकांनी तरी ते ओळखायचे कसे? नावावरून नव्हे, आतल्या मजकुरावरून. एका हातातून दुसऱ्या हातात अंक जात, तेव्हा ओळखही बरोबर जाई. पुढे १९६७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, डॉ. गंगाधर पानतावणे ह्यांनी 'अस्मितादर्श' सुरू केले. ज्यांचे लिखाण कोणी छापीत नव्हते अशा दलित लेखकांना त्यांनी त्यातून हात दिला. २०१८ साली ते गेले, म्हणजे पन्नास वर्षे हे व्रत चालले. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर हे चालले होते. आपल्यापैकी किती घरांत त्याचा एक तरी अंक आला, हे मी विचारीत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे समाजकारण झाले. आम्हाला आमच्या आवडीचे हवे. आहे की! 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचे मासिक १९२८ साली सुरू झाले. गाण्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ पासून. मुले वाढवण्याच्या विचारासाठी पुण्याचे 'पालकनीती' १९८७ पासून. आपण बोलतो त्या मराठीचाच अभ्यास करणारे 'भाषा आणि जीवन' १९८३ पासून. त्याचा विषय ऐकून दचकू नका, 'आम्ही जालन्याचे लोक असे का बोलतो' ह्याची गोडी ज्या बाईला आहे, तिच्यासाठी ते आहे. मुलांचे 'किशोर' १९७१ पासून बालभारतीचे. ते सरकारी आहे, माझ्या व्याख्येत बसत नाही, तरी सांगते, कारण माझा जीव त्यावर आहे. कोणते मासिक आज छापील निघते आणि कोणी छपाईच्या खर्चापायी पडद्यावर बिऱ्हाड हलवले, ह्याची चौकशी करूनच वर्गणी पाठवावी.

मग ही सापडतात कशी? स्टेशनवरच्या दुकानात ती सहसा नसतात. एक युक्ती मी ग्रंथालयात शिकले. अंकाच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोच' असे सदर असते. दुसऱ्यांनी पाठवलेली पुस्तके, अंक मिळाले, ह्याची ती नोंद. संपादक ते जागा भरायला टाकतात आणि वाचक ते सोडून देतात. मला मात्र ते सदर म्हणजे गावाच्या वेशीवरची पाटी वाटते. एका अंकाच्या पोचेतून दुसऱ्याचे नाव कळते, दुसऱ्याच्या पोचेतून तिसऱ्याचे. मासिकांचेही आपल्यासारखेच असते, कोण कोणाच्या घरी जाते-येते त्यावरून सोयरीक कळते! आणखी एक जागा म्हणजे रद्दीचे दुकान. तिथे वजनावर विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात बसून पाहायला थोडा निर्लज्जपणा लागतो, पण मिळकत मोठी.

मात्र लहान ते सारे सोने, असे मी मुळीच म्हणत नाही. कित्येक अंकांत संपादकाचा सत्कार, संपादकाच्या कविता आणि संपादकाच्या पाहुण्यांच्या जाहिराती ह्यांखेरीज काही नसते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेले. आता दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात आणि त्यांतले कितीतरी मिठाईच्या खोक्यासारखे वरूनच देखणे. तीन अंक वाचून मन लागले नाही तर खुशाल सोडावे. वर्गणी भरली म्हणून जबरदस्तीने वाचणे हे नावडत्या भाजीसारखे, अंगी लागत नाही.

अडचण खरी आहे ती पुढेच. ही मासिके वाचकांवाचून मरतात. पाचदहा हजार नव्हे, कधीकधी शेदोनशे वर्गणीदार कमी पडले म्हणून चांगला अंक बंद पडतो, आणि बंद पडल्यावर आपण हळहळतो. दुसरीकडे एकेकीने चार मासिके घ्यावीत म्हटले, तर घरखर्चात ते बसत नाही, आणि घरातून "आता हे कशाला?" असा प्रश्न येतो तो वेगळाच. नवऱ्याचे वर्तमानपत्र आणि मुलांच्या शिकवण्या भागल्यावर आपल्या वाचनाला पैसा उरला तर उरला, ही आपल्या घरांची रीत आहे. ती एका दिवसात बदलणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपण भिशी लावतो, तशी अंकांची भिशी लावू. बाराजणींचा गट करायचा. प्रत्येकीने एकाच मासिकाची वर्षाची वर्गणी भरायची. बहुतेकांची वर्गणी एका साध्या साडीपेक्षा जास्त नसते. कोणतीही दोन नावे सारखी नकोत. अंक आला की आधी जिची वर्गणी तिने वाचायचा, मग आठवड्याने पुढच्या घरी द्यायचा. एका वर्गणीत बारा मासिके घरात येतील, आणि तिकडे बारा संपादकांना प्रत्येकी एक नवा वर्गणीदार मिळेल. अंकावर चहाचा डाग पडला तर चालेल, पण पाककृतीचे पान कापून घेतलेले चालणार नाही. हे आत्ताच बजावून ठेवते, कारण ग्रंथालयात मी कात्रीने फार सोसले आहे.

एक अट मात्र माझी. कोणी कोणते मासिक घ्यायचे ते आवडीने नव्हे, चिठ्ठीने ठरवायचे. जिला गाण्याची आवड तिच्या वाट्याला विज्ञान येऊ द्या, शेती करणाऱ्या बाईंना भाषेचे येऊ द्या. आवडीचे फिरत फिरत तिच्याकडे येणारच आहे.

चोवीस नावांची यादी मी करून आणली आहे, ती सचिवबाईंच्या टेबलावर आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी नाव द्यावे. बारा नावे झाली की चिठ्ठ्या आजच काढू, आणि तेरावी आली तर दुसरा गट सुरू करू.